नवरीच्या मामाचा पासपोर्ट

सास्तूर, १० नोव्हेंबर

समृद्धी,

पत्रिका मिळाली. मोबाईलवर आली तवा मी बँकेच्या रांगेत उभा होतो. आधी उघडंना, आणि उघडली तशी एकदम सनईच सुरू झाली. बंद कशी करायची ते कळंना. अख्खी रांग माझ्याकडं बघून हसत होती.

पत्रिकेखाली तू एक ओळ लिहिलीस. "मामा, तुम्ही आला नाहीत तर रणधीरच्या घराशेजारचे एक काका माझ्या मागे उभे राहतील." वा गं वा! मामा जिता-जागता असताना भाचीच्या मागं शेजारी उभा राहणार. त्या काकांना माझा निरोप सांग, म्हणावं बाजूला सरका, ही सीट राखीव हाय.

तुला दोनदा फोन केला. उचलला न्हाईस. बरोबर हाय तुझं. दोन वर्षांमागं तू मॉरिशसला नर्सची नोकरी धरलीस तवा मी फोनवर जे बोललो ते सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. पण तू बी जरा माझ्या बाजूनं बघ. तू पाळण्यात होतीस तवाच म्हाळसानं, तुझ्या आईनं, भंडाऱ्यावर हात ठेवून तुला आमच्या सुरजला दिलेली. भावाला दिलेला शब्द. आणि तू म्हणालीस, मला न विचारता दिलेला शब्द माझा न्हाय, आणि बसलीस विमानात. माझा राग गेला असं समजून खूश होऊ नको. राग हाय तिथंच हाय. पण राग वेगळा आणि मामा वेगळा.

म्हणून फोन सोडला. हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. कागदावर माझा आवाज चढत न्हाय. दोन निळ्या खुणा आल्या की तू वाचलं असं मी समजंन.

तर मी येतोय. तेरा डिसेंबरला तुझ्या मागं उभा असंन. व्हिसा लागत न्हाय म्हणे तुमच्या मॉरिशसला, पण पासपोर्ट लागतो, आणि तोच माझ्याकडं न्हाय. आयुष्य एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलं. लांबात लांब गेलो ते हैदराबादला, आणि तिथं बी लोकांनी मला पासपोर्ट न्हाय, सुट्टे पैसे मागितले.

अर्ज कुणी भरला सांगू? सुरजनं! उमरग्याहून मुद्दाम आला, बायकोला बी घेऊन आला. म्हणाला, "बाबा, वेळ कमी हाय, तत्काळमधून टाकू." रेल्वेचं तत्काळ ठाऊक होतं, पासपोर्टाला बी असतं हे आता कळलं. अर्ज भरता भरता मी त्याला म्हणलं, "लेका, तुझीच व्हायची होती ती." तर म्हणतो कसा, "बाबा, ती मला लहानपणी दगडं मारायची. सुटलो." बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

तुझी आई बरी हाय. तुझे वडील गेल्यापासनं हाय तशीच, माझ्या शेजारच्या घरात. तुझी मामी गेल्यापासनं माझी भाकरी बी तिच्याच तव्यावरची. मी येतोय हे तिला अजून सांगितलेलं न्हाय. सांगंन.

मामा


सास्तूर, १७ नोव्हेंबर

समृद्धी,

निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं न्हाय. हरकत न्हाय.

पुण्याला जाऊन आलो. पासपोर्टचं ऑफिस म्हणजे लई थंडगार. मी आपला मफलर गुंडाळूनच बसलो. पोरी इतक्या गोड बोलतात की मला वाटलं काहीतरी विकतायत. एकीनं माझ्या बोटांचे ठसे घेतले. ठसे उठंनात. म्हणाली, "काका, काय काम करत होता?" मी म्हणलं, "नोटा मोजत होतो." ती माझ्याकडं बघायलाच लागली. मग सुरजनं सांगितलं, कंडक्टर होते.

जन्मतारीख बघून साहेब म्हणाले, "एक जून?" मी म्हणलं, "साहेब, आमच्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनलाच लावलाय, आम्ही सगळे जुळे." ते हसले. मला वाटलं झालं काम.

पण तत्काळला तीन कागद लागतात आणि माझं रेशनकार्ड निघालं बबन नावाचं. गाव मला बबन म्हणतं म्हणून तलाठ्यानं बी कधीकाळी तेच लिहिलेलं. आधारावर बब्रुवान. पेन्शनचा कागद दिला असता तर भागलं असतं, पण तो राहिला घरी पेटीत! सुरजनं मला गाडीत बसताना तीनदा विचारलं होतं, सगळे कागद घेतले का. मी त्याच्यावरच खेकसलो होतो.

साहेब भले माणूस. म्हणाले, "काका, अर्ज तत्काळमध्येच राहील. फक्त आधी पोलीस तुमच्या गावात चौकशी करतील. त्यांचा अहवाल चांगला आला की लगेच पासपोर्ट." एवढंच ना, म्हणलं. सास्तुरात मला कोण ओळखत न्हाय? भूकंपानंतर नवं गाव बसलं तवा कुणाचं घर कुठल्या गल्लीत हे पोस्टमन मला विचारायचा.

घरी आलो तर तुझी आई ओट्यावर. "दोन दिस कुठं होतास?" आता खोटं किती बोलणार. सांगून टाकलं. उठली, आत गेली. रात्री भाकरी आली, पण ठेचा आला न्हाय. आपल्यात ह्याचा अर्थ काय असतो ते तुला वेगळं सांगायला नको.

मामा


सास्तूर, २३ नोव्हेंबर

समृद्धी,

घाईत लिहितोय. सगळं ठीक हाय. पासपोर्ट आजउद्या येईल. मधी एक बारीकशी अडचण आलीय, तिच्याकडं तू ध्यान देऊ नको.

तुला एक सहज विचारायचं होतं. ते शेजारचे काका उंचीनं किती हायेत? स्वभाव कसा हाय? आणि नुसतं समज, नवरीकडल्या कुणाला थोडा उशीर झाला तर तिकडं मुहूर्त जरा पुढं सरकवतात का? तिकडचे मराठी लोक कोकणातनं गेलेले म्हणे, पणजोबाच्या काळात. कोकणातली माणसं वेळेची पक्की असतात, म्हणून विचारलं.

तुझी आई आज मला पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. मधीच म्हणाली, "तिकडं भात खात्यात का भाकरी?" कोण, ते काही बोलली न्हाय. मी म्हणलं, मला काय ठाऊक.

मामा


सास्तूर, २७ नोव्हेंबर

समृद्धी,

आता खरं सांगतो. मला लपवता येत न्हाय आणि तुला बी ते कळलंच असंल.

अडचण बारीक न्हाय. मोबाईलवर निरोप आला की पोलीस चौकशीत माझं काम अडकलंय. सुरजला घेतलं आणि गेलो लोहाऱ्याला, पोलीस ठाण्यात. तिथले जमादार शिवलिंगअप्पा. वयानं सुरजएवढेच, पण सगळे अप्पा म्हणतात. त्यांनी माझा कागद काढून वाचून दाखवला. "सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही. शेजारील महिलेकडे विचारणा केली असता सदर इसम मेंढरं घेऊन गेला असून कधी परत येईल सांगता येत नाही, असे कळाले."

मेंढरं! मी! कंडक्टरकीतनं रिटायर झालेला माणूस! आपली मेंढरं भूकंपाच्या आधीच विकलेली. सुरज हसायला लागला तर त्याला म्हणलं, बाहेर जाऊन हस.

शेजारील महिला म्हणजे कोण, हे काय सांगायचं. चौकशीला आले तवा मी नेमका गिरणीत गेलो होतो.

घरी आलो आणि तिच्या दारात उभा राहिलो. "म्हाळसे, पोलिसाला काय सांगितलंस?"

"कवा?"

"आला होता ना गाडीवर!"

"आला व्हता. बब्रुवान कुठं हाय म्हणला. म्या म्हणलं मेंढरं घिऊन गेलाय, कवा येईल सांगता येत न्हाय."

"कुठली मेंढरं गं?"

आता ती बी दचकली. खरंच दचकली. "दादा, तोंडातनं आपसूक गेलं रे."

तुला हे ठाऊक नसंल, तू पालावर कधी राहिली न्हाईस. आमचं लहानपण मेंढरांमागं गेलं. कुणाच्या रानात मेंढरं शिरली की मागनं खाकी कपड्यातलं कुणी ना कुणी यायचंच, पोलीस न्हायतर जंगलखात्याचा गार्ड. आमच्या आईनं आम्हाला चालायच्या आधी हे शिकवलं होतं. कुणी बी येऊ दे, कुणाचं बी नाव घेऊ दे, आपलं उत्तर एकच. मेंढरं घेऊन गेलाय, कवा येईल सांगता येत न्हाय. तेवढ्या एका वाक्यावर आमचा बाप किती वेळा वाचला असंल.

हे मला कळतं, समृद्धी. पण त्या टायमाला राग असा आला की मी म्हणलं, "आपसूक न्हाय गेलं. तू मुद्दाम केलंस. मी जाऊ नये म्हणून केलंस."

मग ती उसळली. निवडलेले तांदूळ सगळे खाली. म्हणाली, "म्या तुझ्यासाठी पोटची पोर तोडली! तुला दिलेला शब्द मोडला म्हणून दोन वर्षं तिचं नाव घेतलं न्हाय. आन् आता तूच चाललास व्हय तिथं अक्षता टाकाया? मंग म्या कुणासाठी बसले व्हते तोंड शिवून?"

आजवर मी समजत होतो, ती तुझ्यावर रागावलीय. ती माझ्यासाठी रागावून बसली होती, आणि मी मात्र पत्रिका बघून विरघळलो.

अप्पा म्हणाले होते, ज्या बाईनं सांगितलं तिनंच ठाण्यात येऊन खुलासा दिला तर ते लगेच नवा अहवाल पाठवतील. न्हायतर वरनं फेरचौकशीचा कागद यायची वाट बघायची, आणि तोवर तेरा तारीख निघून जाईल. पण मी आता कुठल्या तोंडानं तिला म्हणू, चल? मी म्हणणार न्हाय. रात्रीचं ताट बी तसंच परत पाठवलं. नंतर भूक लागली ती लागलीच.

त्या काकांना सांगून ठेव. माणूस चांगला असला म्हणजे झालं.

मामा


सास्तूर, १ डिसेंबर

समृद्धी,

तुझी ओळ आली. "आईला रागावू नका." पत्रिकेनंतरची पहिली ओळ, आणि ती बी माझ्यासाठी न्हायच! असू दे. मी ती ओळ तुझ्या आईला वाचून दाखवली. माझं-तिचं बोलणं बंद होतं, म्हणून तिच्या दारात उभा राहून भिंतीकडं बघून मोठ्यानं वाचली. आतनं भांड्याचा आवाज आला.

आज सकाळी बघतो तर तिच्या दाराला कडी. शेजारपाजारी विचारलं. रुद्रम्मा म्हणाली, नवं लुगडं नेसून स्टँडाकडं जाताना बघितली. मला काही सुचंना. येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला गेली का कुठं गेली. तेवढ्यात शिवलिंगअप्पांचा फोन. "मामा, तुमची बहीण हितं येऊन बसलीय. भाऊ आल्याबिगर काही लिहून देणार न्हाय म्हणत्यात, आन् बोलणं तर थांबंना. तुम्ही या."

गेलो. खुलाशाचं तिला सुरजनंच सांगितलं असणार. ठाण्यात बाकावर बसलेली. पुढ्यात चहा, त्याला हात लावलेला न्हाय. जन्मात पहिल्यांदा ती पोलीस ठाण्यात आलेली. पण मान ताठ. कमरेची भंडाऱ्याची पिशवी काढून टेबलावर ठेवलेली. अप्पा तिच्यापुढं अगदी गरीब होऊन बसले होते.

अप्पा म्हणाले, "हं, आता आलेत तुमचे भाऊ. आता सांगा परत, मी लिहितो."

तिनं भंडाऱ्यावर हात ठेवला. तोच हात गं, ज्या हातानं तुला सुरजला दिलेली. म्हणाली, "ह्यो बब्रुवान माझा थोरला भाऊ. सास्तुरातच राहतो. कुठं गेलेला न्हाय. मेंढरं बी न्हायीत त्याच्याकडं. म्या त्या दिशी खोटं बोलले."

"का बोललात, मावशी?"

"खाकी बघितली की आमच्यात न्हायच म्हणत्यात, बाबा. तुमचा दोष न्हाय."

सगळं ठाणं हसलं. मग अप्पांनी विचारलं, नुसतं लिहायचं म्हणून विचारलं, "आन् भाऊ परदेशात कशाला चाललेत?"

तिनं भंडाऱ्याची पिशवी परत हातात घेतली. मला वाटलं, आता उठंल आणि जाईल. माझ्याकडं बघितलं न्हाय, अप्पांकडं बघूनच म्हणाली, "माझ्या लेकीचं लगीन हाय. तिला बाप न्हाय. मामा मागं उभा राहाया पायजे."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. डोळ्याला धार लागली ती थांबंना. कंडक्टरनं असं चारचौघांत रडू नये, पण रडलो.

येताना एसटीनं आलो. कंडक्टर पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला, त्यानं आम्हाला पुढची सीट दिली. बराच वेळ ती खिडकीतनं बाहेर तुरी बघत होती. मग म्हणाली, "दादा, शब्द तुला दिला व्हता. तू धरून व्हतास तवर म्या धरला. तू सोडलास का?"

मी म्हणलं, "सोडला."

"नीट सांग."

"भंडाऱ्याची आण, सोडला. सुरजचं बरं चाललंय. तिचं बी बरं होऊ दे."

तिनं मान हलवली. नंतर घरापर्यंत आम्ही तुरीच्या भावावर बोललो.

अप्पा आज दुपारीच गावात आले. सरपंचाची आणि रुद्रम्माच्या दादल्याची सही घेतली, माझं घर बघितलं, पेटीतला पेन्शनचा कागद बघितला. जाताना म्हणाले, आजच पाठवतो. आता पुढचं खंडोबाच्या हातात आणि पोस्टाच्या.

रात्री भाकरीबरोबर ठेचा आला.

मामा


सास्तूर, ८ डिसेंबर

समृद्धी,

आला! पासपोर्ट आला!

पोस्टमन दारात उभा राहून विचारतो, "बब्रुवान इथंच राहत्यात का?" नवीन आलाय, मला ओळखत न्हाय. मी चप्पल शोधत होतो तोवर शेजारच्या ओट्यावरनं तुझी आई ओरडली, "व्हय! इथंच राहतो! कुठं जात न्हाय! इथंच हाय बघा!" पोस्टमन घाबरून दोन पावलं मागं सरला. त्यानं माझं आधार बघितलं, सही घेतली, आणि निळं पुस्तक माझ्या हातात. फोटोत मी चोर दिसतो. पण नाव, गाव, सगळं बरोबर.

सुरजनं लगेच तिकीट काढलं. परवा मुंबईहून विमान. आज रात्री उमरग्याहून गाडी धरतोय. सुरज मुंबईपर्यंत सोडायला येतोय, मला विमानतळावर एकट्याला सोडायचा त्याला भरवसा न्हाय. तिकडं डिसेंबरात उन्हाळा असतो म्हणे, तरी मी मफलर घेतोय.

बॅग तुझ्या आईनं भरली. माझे दोन सदरे आणि एक फेटा तळाला गेले, वर सगळं तुझं. आमटीचा येसूर, शेंगांची चटणी, तिळाच्या पोळ्या. संक्रांतीच्या आधीच केल्यात, तू विचारशील म्हणून सांगतो. सुरज म्हणाला, आत्या, विमानतळावर हे सगळं सोडतील का न्हाय ते माहीत न्हाय. ती म्हणाली, न सोडाय काय झालं, मी काय बाँब दिलाय? आणि सगळ्यात वर एक काळं घोंगडं. ते तुझ्या आजीचं. त्याच्यावर तुझी आई नवरी होऊन बसली होती. तू आणि रणधीर बी त्याच्यावरच बसायचं, असा निरोप हाय. तिकडचे भटजी काही म्हणाले तर माझं नाव सांग, मी बघतो.

आता एक गंमत ऐक. बॅग भरून झाली, मी पासपोर्ट शंभरदा बघून खिशात ठेवतोय, तर ती तिचं आधार कार्ड घेऊन आली. पदरात गुंडाळलेलं. सुरजच्या पुढं ठेवलं.

"माझा बी काढ."

सुरज म्हणाला, "आत्या, आता ह्या लग्नाला कसं जमंल? दोन दिवसांत न्हाय होत."

"ह्या लग्नाला कोण म्हणलं? लेकीचं पयलं बाळतपण आईनं करायचं असतंय. तिकडं कोण हाय तिचं? तत्काळ नगं, सावकाश काढ. पर कागद सगळे पयल्याच खेपेला ने. ह्याच्यासारखं करू नगं."

आता सगळ्या गावात मी 'ह्याच्यासारखा' झालोय.

तेव्हापासनं ती ओट्यावर बसून जमादार आले तर काय बोलायचं त्याची तयारी करतीय. मी लिहितोय आणि ती शेजारी बडबडतीय. "व्हय, मीच म्हाळसाबाई. इथंच राहती. लेक मॉरिशसला असती. दवाखान्यात नर्स हाय." मधीच थांबली आणि मला विचारलं, "दादा, जावयाचं नाव काय?" मी सांगितलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं. रणधीर. रणधीर. मग तुझं नाव घेतलं. समृद्धी.

ह्या कागदाचा फोटो मी आता तुला पाठवतोय. निळ्या खुणा आल्या की मी मोबाईल तिच्या हातात देणार हाय. बटण कुठलं दाबायचं ते तिला दाखवलंय. नंबर माझाच दिसंल तुला, पण बोलणार मी न्हाय.

ह्या बारीला उचल.

मामा